नीट धर

तिकडे नको, तिकडे काय शिंपले वेचायचेत?
इथं, माझ्या बोटांवर धर उजेड.
रेनाटो दचकून बॅटरी हलवतो
आणि कार्बोरेटर पुन्हा अंधारात जातो.
बारा वर्षांचं पोर, भावाचा धाकटा,
थंडीनं नाक गळतंय त्याचं.
बोलले मी, पण आवाज माझ्या बापाचा,
याच शेडमध्ये मुरलेला,
बटाट्यांच्या, ओल्या लाकडाच्या, पेट्रोलच्या वासात.

रेनो फोर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
डावीकडची चाकं एकमेकांच्या जवळ,
उजवीकडची अडीच बोटं लांब,
कारखान्यातूनच तशी आलेली.
बाप म्हणायचा, लंगडी नाही ती,
एका बाजूनं जरा जास्त विचार करते.

चिलोए बेटावर गाडी गंजत नाही, विरघळते.
समुद्र रात्री वर येतो आणि चाटून जातो.
पायाखालचा पत्रा गेला तेव्हा
वादळात पडलेली ‘थांबा’ची पाटी मी तिथं रिवेट केली.
तेव्हापासून टाचेखाली सतत थांबा,
आणि मी चाललेली.
मागचं दार होडीच्या दोरीनं बांधलंय.
कास्त्रोतल्या तपासणीवाल्यानं दोनदा नापास केली,
तिसऱ्यांदा म्हणाला, एदिताबाई,
हिला आता देवळात ठेवा.
म्हटलं, देवळाचं छप्परही गळतंय, बाळा,
ते कुठं तुझ्याकडे आणतात तपासायला?

सध्याचं दुखणं असं, की उभी राहिली की धापा टाकते.
आवाज चढतो, पडतो, परत चढतो,
झोपेत कुणाशी तरी भांडत असल्यासारखा.
कुठून तरी हवा ओढतेय.
दोन नट, अकरा नंबरचा पाना.
एक लगेच सुटला.
दुसऱ्याला तीन संध्याकाळी रॉकेल पाजलं,
शिव्या दिल्या, मग गोडीत घेतलं.
आज किरकिरत वळला.

कार्बोरेटर उचलला.
खाली गॅस्केट चिकटलेलं,
काळं, तेलानं माखून कडक झालेलं.
सुरीनं अलगद सोडवलं, चिंधीनं पुसलं
तर खालून निळा पुठ्ठा,
त्यावर छापील रेघ,
आणि रेघेवर माझ्याच वाकड्या अक्षरात
‘दिता चि’.
अलीकडचं, पलीकडचं नाव भोकांत गेलेलं.

तिसरीतली भूमितीची वही.
हरवली होती.
ओर्मिल्डा बाईंनी मला शेगडीपासून लांब,
फुटक्या खिडकीशी उभं केलं होतं, ऐन जूनच्या हिवाळ्यात.
घरी येऊन मी पेटी उपसली,
कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला.
बापही शोधत होता माझ्याबरोबर.
पलंगाखाली वाकून,
हातात बॅटरी घेऊन,
बराच वेळ.

त्याच आठवड्यात धाकट्याला ताप चढला होता.
रात्री आंकुदपर्यंत, दवाखान्याच्या पायरीपर्यंत
गाडी एकदाही बंद पडली नाही.
मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं,
आणि मला वहीचीच काळजी.

आत्या, काय झालं? तुटलं का?
नाही रे. जुनं झालंय.

नवं कापायला घेतलं.
चहाचं खोकं पातळ.
नापासाचा दाखला ज्या फाइलमधून आला
तिचा पुठ्ठा मात्र चांगला जाड निघाला.
तो तोंडावर ठेवायचा आणि कडेकडेनं
हातोडीनं हळू ठोकत जायचं,
लोखंड आपला आकार आपणच कापून घेतं.
बापानं हे शिकवलं नव्हतं मला.
मी उजेड धरून उभी असायची, तेवढंच.
दोन्ही बाजूंना ग्रीस.
नट आळीपाळीनं, थोडा हा, थोडा तो.

चावी फिरवली. चौथ्यांदा लागली.
धाप गेली नाही, कमी झाली.
उद्या नळी बघावी लागेल.
निळा तुकडा मी चिंधीत गुंडाळून खिशात टाकला
आणि पाने उगाच परत पुसत बसले.

माझ्या तोंडावर नको, रेनाटो.
इंजिनावर धर म्हटलं ना.